वजनाचे इंजेक्शन आणि घरातले टोमणे

आमचे संग्रामपूर म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातले लहानसे तालुक्याचे गाव. पण ‘वजनाचे इंजेक्शन’ हा शब्द आता आमच्याकडच्या बायकांच्या बैठकीतही ऐकू येतो. मार्च २०२५ मध्ये टिरझेपॅटाइड हे औषध भारतात आले, त्याच वर्षी जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड आले आणि मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचे पेटंट आपल्या देशात संपल्यामुळे देशी कंपन्यांचीही वाट मोकळी झाली. कुणी मुंबईच्या नातेवाइकांकडून ऐकते, कुणी मोबाइलवर पाहते. आणि लगेच प्रश्न येतो, “तिचे एवढे उतरले, मग हिचे का नाही?”

हा प्रश्न आमच्याच घरात पडला. आमच्या भाभी आणि आमच्या थोरल्या बाजी, दोघीही डॉक्टरांच्या सल्ल्याने सेमाग्लुटाइड घेतात. आठ महिन्यांत भाभींचे वजन ८८ किलोवरून ७७ वर आले, बाजींचे ८४ वरून ८० वर. घरातल्या एका लग्नात कुणीतरी सहज म्हणाले, “बाजी इंजेक्शन पण घेतात आणि बिर्याणी पण सोडत नाहीत.” सगळे हसले, बाजीही हसल्या. पण त्यानंतर त्या सगळ्यांबरोबर जेवायला बसेनाशा झाल्या. काही दिवसांनी त्यांनी हळूच विचारले, “भाभीच्या पेनमधला थोडा जास्तीचा डोस घेतला तर चालेल का?”

टोमणा साधाच होता, पण तो बाजींना कुठे घेऊन चालला होता हे त्या एका प्रश्नाने कळले. आम्ही डॉक्टर नाही, शाळेत शिकवणारी माणसे. पण समजून घेणे आणि समजावून सांगणे हे तर आमचे रोजचेच काम. अकोल्याच्या डॉक्टरांनी जे सांगितले आणि आम्ही जे वाचले, ते सोप्या भाषेत इथे मांडतो.

आपण जेवतो तेव्हा आतड्यातून जीएलपी-१ नावाचा हार्मोन रक्तात सुटतो. हा हार्मोन एक पेप्टाइड आहे. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. तस्बीह डोळ्यांसमोर आणा. एकेक मणी म्हणजे एकेक अमिनो आम्ल. आपली लहान तस्बीह ३३ मण्यांची असते, जीएलपी-१ ची माळ साधारण ३० मण्यांची. ही माळ स्वादुपिंडाला सांगते, रक्तात साखर वाढली आहे, इन्सुलिन सोड. जठराला सांगते, अन्न सावकाश पुढे ढकल. आणि मेंदूला सांगते, पुरे झाले, आता हात आवर.

पण शरीराने बनवलेला हा निरोप दोन-तीन मिनिटेच टिकतो. डीपीपी-४ नावाचे एन्झाइम माळेच्या टोकाचे दोन मणी तोडते आणि निरोप संपतो. सेमाग्लुटाइड बनवताना शास्त्रज्ञांनी दुसरा मणी असा बदलला की त्या एन्झाइमला तिथे सहज कापता येत नाही. शिवाय माळेला स्निग्ध आम्लाची एक शेपटी जोडली. ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहते. म्हणून काही मिनिटांचा निरोप आठवडाभर चालतो आणि इंजेक्शन आठवड्यातून एकदाच घ्यावे लागते. टिरझेपॅटाइड याच्या जोडीला जीआयपी नावाच्या दुसऱ्या हार्मोनचेही काम करते.

म्हणजे हे औषध चरबी वितळवत नाही. ते भूक कमी करते, पोट लवकर भरल्यासारखे वाटते, जेवण कमी जाते आणि त्यामुळे वजन उतरते. ज्यांना दिवसभर खाण्याचेच विचार येतात, त्यांपैकी बरेच जण सांगतात की डोक्यातला तो गलका शांत झाला. भूक ही निव्वळ नियतीची किंवा हावरटपणाची गोष्ट नसून शरीराचा निरोप आहे, हे या औषधाने जगाला दाखवून दिले.

आमच्या घरातल्या मोठ्यांचा पहिला प्रश्न वेगळाच होता, हे कशापासून बनवतात? कुणी सांगितले सरड्याच्या विषापासून, कुणी सांगितले डुकरापासून. सरड्याच्या गोष्टीत थोडे तथ्य आहे. अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्यात जीएलपी-१ शी मिळताजुळता पदार्थ डॉ. जॉन एंग यांना १९९२ च्या सुमारास सापडला. त्यावरून प्रयोगशाळेत एक्सेनाटाइड हे औषध बनले आणि २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. सेमाग्लुटाइड त्या सरड्याचे नाही. ते माणसाच्याच हार्मोनवर बेतलेले आहे आणि मूळ कंपनी ते यीस्टच्या मदतीने तयार करते. टिरझेपॅटाइड रासायनिक पद्धतीने बनते. डुकराची गोष्ट बहुधा जुन्या इन्सुलिनवरून आली असावी, ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत असत. आता वेगवेगळ्या कंपन्यांची औषधे आहेत. शंका असेल तर घटक विचारून घ्यावेत आणि मसला आलिमांना विचारावा.

आता मूळ प्रश्न. एकच औषध, मग फरक का? सेमाग्लुटाइडची मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. १,९६१ लोक, ६८ आठवडे. औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के उतरले, नुसते औषधासारखे दिसणारे इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्के. बातम्यांत हा सरासरीचाच आकडा आला. पण वर्गाची सरासरी ६० आली म्हणून प्रत्येक मुलाला ६० गुण मिळालेले नसतात, हे शिक्षकाला वेगळे सांगायला नको. त्याच चाचणीत औषध घेणाऱ्या जवळपास एक तृतीयांश लोकांचे वजन २० टक्के किंवा त्याहून जास्त उतरले, आणि सातपैकी साधारण एकाचे पाच टक्केही उतरले नाही. सगळ्यांना आहाराचा आणि व्यायामाचा सल्ला सारखाच होता.

या चाचणीत मधुमेह असलेले लोक घेतलेच नव्हते. त्यांची चाचणी वेगळी झाली. तोच डोस, तेवढेच आठवडे, आणि सरासरी घट ९.६ टक्के. म्हणजे मधुमेह असेल तर वजन कमी उतरते, हे मोजून पाहिलेले आहे. बाजींना बारा वर्षांपासून शुगर आहे. त्या घेतात ती शुगरची काही औषधे वजन वाढवणारीही असतात. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड त्यांत मोडतात. शिवाय शुगर खूप वाढलेली असते तेव्हा लघवीवाटे साखर वाया जाते. शुगर ताब्यात आली की ती साखर शरीरातच राहते. भाभींना यातले काहीच नाही.

दुसरा फरक डोसचा. वजनासाठी सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर चार आठवड्यांनी वाढवत २.४ पर्यंत नेतात. शुगरसाठीचा डोस त्याहून कमी असतो. भाभी वरच्या डोसवर आहेत, बाजी १ मिलिग्रॅमवर. त्यापुढे गेल्यावर त्यांना उलट्या झाल्या, म्हणून डॉक्टरांनी तिथेच थांबवले. औषधाचे नाव एक, पण डोस निम्म्याहूनही कमी.

आणखीही कारणे आहेत. चाचण्यांत बायकांचे वजन पुरुषांपेक्षा सरासरी जास्त उतरले. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि मानसिक आजारांवरची काही औषधे वजनाला वर ओढतात. कुणाच्या मेंदूला पोट भरल्याचा निरोप मोठ्याने ऐकू येतो, कुणाला हळू. यात जनुकांचा वाटा आहे आणि त्यावर संशोधन चालू आहे. वजन उतरू लागले की शरीरही बचतीला लागते, कमी इंधनात काम भागवते आणि भूक वाढवते. म्हणून काही महिन्यांनी काटा एका जागी थांबतो.

किलो हे एकच माप धरणे आपल्या लोकांसाठी तर आणखी चुकीचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचेही उंचीच्या मानाने वजन सारखे, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसातही चरबी लपलेली असते, ती जास्त करून पोटात. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. बाजींचे चारच किलो उतरले, पण कंबर सहा सेंटिमीटरने कमी झाली आणि तीन महिन्यांची शुगर ९.२ वरून ७.१ वर आली. लग्नातल्या त्या गप्पांत हे आकडे कुणालाच माहीत नव्हते.

राहिला दुसऱ्याच्या पेनमधून डोस घेण्याचा प्रश्न. त्याचे उत्तर साफ नाही असेच आहे. सुई बदलली तरी एकाचे पेन दुसऱ्याने वापरू नये, रक्तातून आजार जाऊ शकतो. डोस एकदम वाढला की मळमळ, उलट्या, जुलाब होतात आणि अंगातले पाणी कमी होते. आमचा तालुका पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. इथे किडनीचा आजार आणि डायलिसिस हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. औषध स्वतः किडनीचे वैरी नाही. मधुमेहात किडनी बिघडलेल्या रुग्णांवरच्या २०२४ च्या चाचणीत सेमाग्लुटाइडने किडनीला फायदाच झाला. पण उलट्या-जुलाबांनी अंग कोरडे पडले तर आधीच कमजोर किडनीला धक्का बसतो. म्हणून सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिन तपासून घ्यावे. पोटात सतत जोराचे दुखू लागले तर थांबू नये, स्वादुपिंडाला सूज किंवा पित्ताशयात खडे असू शकतात. घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावे लागते. आणि पेन फ्रिजमध्ये ठेवावे, बर्फात नाही. आमच्याकडचा उन्हाळा आणि जाणारी वीज पाहता हे लक्षात ठेवायलाच हवे.

रमजानचा विचारही आधीच करावा. नवे औषध किंवा वाढीव डोस रमजानच्या तोंडावर सुरू करू नये, शरीराला सवय व्हायला काही आठवडे लागतात. जठर सावकाश रिकामे होत असताना इफ्तारला भजी आणि समोशांवर ताव मारला तर उलटी ठरलेलीच. इफ्तार ते सहरी थोडे थोडे पाणी पीत राहावे. हे औषध एकटे असेल तर शुगर सहसा फार खाली जात नाही, पण सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड असेल तर जाऊ शकते. त्यांचा डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. आजारी माणसाला रोजा नंतर ठेवण्याची सवलत दीनने दिलेलीच आहे.

शेवटी एक गोष्ट घरच्यांसाठी. पहिल्या चाचणीतल्या काही लोकांचे इंजेक्शन बंद झाल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वजन परत आले. म्हणजे हा बीपीच्या गोळीसारखा लांबचा मामला आहे. खर्च, डाळ-अंडी-मांस यांसारखे प्रथिनांचे खाणे, रोजचे चालणे, हे सगळे घराने मिळून पेलायचे असते. वजनाबरोबर स्नायूही उतरतात, म्हणून नुसते कमी खाऊन भागत नाही. बाजी आता रोज फजरनंतर चालायला जातात आणि आमच्यापैकी कुणीतरी एक जण त्यांच्यासोबत असतो. किती किलो उतरले हे त्यांना घरात कुणी विचारत नाही. पाणी प्यालात का, मळमळ होते का, शुगर किती आली, एवढेच विचारतो. भाभींच्या पेनचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही.