भातकापणीचे पाहुणे

गणपतीच्या मूर्तींमुळे पेणचे नाव घरोघरी पोचले आहे. पण पाऊस उघडून भात पिवळे पडले, की या गावाच्या पश्चिमेकडील खारेपाटात वेगळेच पाहुणे उतरतात. आश्विन-कार्तिकात एक दिवस मोकळा काढून मुलाबाळांसह ते पाहून यावे.

सकाळी खाडीच्या बांधावर जावे. शेपटी खालीवर हलवत चालणारा धोबी पहिला भेटतो. कुंपणाच्या काठीवर बसून टकटक करणारा इवलासा गप्पीदास त्याच्या मागोमाग. उत्तरेत थंडी पडून किडे मिळेनासे होतात, म्हणून हे हिमालयातून व त्याच्याही पलीकडून येतात. मग दिसतो भोवत्या. पंख किंचित वर उचलून तो भाताच्या शेंड्यांवरून तरंगत जातो आणि उंदीर किंवा बेडूक दिसताच खाली झेपावतो. खरूची हा लहान ससाणा तर हवेत एकाच जागी फडफडत थांबतो आणि टोळ, उंदीर नेमके टिपतो.

दुपारी पेणहून आगगाडीने कासू, नागोठणे, निडी करीत रोह्याला जावे. भिरा वीजगृहातून सोडलेल्या पाण्यामुळे येथे कुंडलिका उन्हाळ्यातही वाहती असते. नदीतल्या दगडांवर करडा धोबी दिसतो. नशीब असेल तर मासेमार कैकर पाय पुढे करून पाण्यात सूर मारताना सापडतो.

भोवत्या आणि खरूची हे आपले बिनपगारी राखणदार. पण उंदरांसाठी आपण विष ठेवतो, तेव्हा ते यांच्याही पोटात जाऊ शकते. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि पक्ष्याच्या तावडीत सहज सापडतो. म्हणून आधी बांधावरची बिळे खणून बुजवावीत, सापळे लावावेत. विष वापरावेच लागले, तर ते बिळाच्या आत ठेवून मेलेले उंदीर रोज गोळा करावेत व खोल पुरावेत. भातामागून वाल पेरणाऱ्यांनी शेतात आडव्या काठीचे पक्षीथांबे उभारावेत. त्यावर बसून पाखरे किडे वेचतील.

फाल्गुन-चैत्रात हे पाहुणे माघारी निघतात. आपल्या शिवारात आले तेवढे सुखरूप परत जावेत, एवढी काळजी आपण सहज घेऊ शकतो.