एल्कसाठी तीन पिना

कंपाउंड धनुष्याची साइट कशी असते, हे मराठी माणसाला कळतं ते बहुधा स्पर्धेच्या मैदानावरून. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंडची दोन्ही वैयक्तिक विजेतेपदं जिंकली. त्या खेळात लक्ष्य बरोबर ५० मीटरवर असतं, जागचं हलत नाही, आणि दहा गुणांचं वर्तुळ असतं जेमतेम ८ सेंटिमीटरचं. अंतर पक्कं, अचूकता मात्र सेंटिमीटरची. म्हणून साइटला भिंग आणि त्यात नेम धरायला एकच बिंदू. अमेरिकेच्या रॉकी पर्वतात सप्टेंबरमध्ये एल्कमागे जाणारे बरेच धनुर्धारी आता याच वळणाची साइट लावतात: एकच पिन, म्हणजे नेम धरायचा ठिपका, आणि चाक फिरवून ती हव्या त्या यार्डावर आणायची. दिसायला स्वच्छ, सरावाला सुखाची. एल्कसाठी मात्र ती चुकीची निवड आहे, असं माझं मत झालं आहे. २०, ३० आणि ४० यार्डांवर पक्क्या बसवलेल्या तीन पिना हीच या शिकारीची साइट. हे मी जुन्या सवयीच्या प्रेमापोटी म्हणत नाही. हिशेब तसं सांगतो.

आधी जनावर कसं येतं ते पाहू. एल्क आपल्या सांबराच्या कुळातला, पण अंगाने त्याहून थोराड. वाढलेला नर ३०० किलोच्या पुढे जातो. सप्टेंबर हा त्याच्या माजाचा महिना, आणि कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटानातले धनुष्याचे हंगाम त्याच सुमारास असतात. शिकारी मादीचा किंवा दुसऱ्या नराचा आवाज काढतो आणि नर साद देत जवळ येतो. सरळ येत नाही. झाडांच्या आडोशाने, वास घेत, थांबत थांबत येतो. त्याचे डोळे खोडाआड गेले की तेवढ्यात धनुष्य खेचायचं असतं. म्हणजे रेंजफाइंडरने अंतर मोजलं जातं ते खेचण्याच्या आधी आणि बाण सुटतो तो नंतर, आणि मधल्या वेळात एल्क चालतच असतो. खेचल्यावर एक हात धनुष्यावर, दुसरा जबड्याशी टेकलेला. चाक फिरवणार कोण? एका पिनवाल्यापुढे मग दोनच वाटा उरतात. खेचलेली दोरी सैल करून चाकाला हात घालायचा आणि ती हालचाल एल्कला दाखवायची, किंवा अंदाजाने नेम वर धरायचा. तीन पिनवाल्याला नजर एका रंगाच्या पिनवरून दुसऱ्या रंगाच्या पिनवर न्यावी लागते, बाकी काही नाही.

आता आकडे. शिकारीचा बाण सेकंदाला सुमारे २८० फूट वेगाने जातो असं धरू आणि हवेचा अडथळा सोडून देऊ. मोजलं ३० यार्ड, पिन ३० वर, आणि एल्क चालत ४० वर गेला, तर बाण नेमापासून सुमारे ९ इंच खाली लागेल. एल्कच्या काळीज-फुप्फुसांचा भाग उभा साधारण सव्वा फूट. त्याच्या मध्यावर नेम धरला तर खाली सात-साडेसात इंचांची मोकळीक मिळते, म्हणजे ९ इंचांची चूक बाण मर्माबाहेर टाकते आणि जनावर जखमी होऊन निसटतं. याउलट तीन पिनांत सर्वांत अडचणीचं अंतर घ्या: ३५ यार्ड, दोन पिनांच्या बरोबर मध्ये. ३० ची पिन लावली तर बाण ४ इंच खाली, ४० ची लावली तर ४ इंच वर. दोन्ही वेळा फुप्फुसातच. ४० ची पिन धरून ४५ वर सोडला तरी चूक ५ इंचांची. चाकाची साइट ३४ आणि ३६ यार्डांतला फरक दाखवते हे खरं, पण एल्कच्या बाबतीत त्या फरकाला किंमत नाही. किंमत आहे ती मोजणं आणि सोडणं यांमधल्या दहा यार्डांना, आणि तिथे चाक काही करू शकत नाही.

एक आक्षेप जाणकारांकडून येतो आणि तो वजनदार आहे: एकच पिन ३० वर ठेवा, जवळपासून ३५ पर्यंत चाकाला हात लावायची गरजच नाही. बरोबर आहे; १५ यार्डांवर बाण ५ इंच वर लागेल, चालून जाईल. पण मग ती साइट चाकाची राहिलीच कुठे? ती एक पक्की पिन झाली, आणि ४५ यार्डांवर तीच पिन बाणाला सव्वा फूट खाली नेते. दुसरा आक्षेप असा की समोर नर उभा राहिला की छातीत धडधड होते आणि माणूस भलतीच पिन धरतो. हे होतं, नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच मी पाच-सात पिनांच्या बाजूने बोलत नाही. तीन पिना, तीन वेगळे रंग, आणि सरावात चुकूनही क्रम बदलायचा नाही.

लांबच्या नेमाचं आकर्षण हा तिसरा आक्षेप. चाकामुळे ८० यार्डांवरही मारता येतं म्हणतात. थर्माकोलवर येतं. ८० यार्ड जायला बाणाला पाऊण सेकंदाहून जास्त वेळ लागतो आणि दोरीचा आवाज त्याच्या आधी, पाव सेकंदाच्या आत, एल्कच्या कानी पडतो. तेवढ्या अवधीत तो एक पाऊल जरी पुढे गेला तरी फुप्फुसावरचा नेम पोटात जातो. तिथे अडचण साइटची नसतेच. आणि २०१८ मध्ये गार्मिनने आणलेली, खेचलेल्या अवस्थेत स्वतः अंतर मोजून ठिपका उजळणारी झीरो साइट? माझ्या सगळ्या युक्तिवादाला खरं उत्तर तिच्याकडेच आहे, हे कबूल. पण धनुष्याला विजेचं उपकरण जोडण्यावर पश्चिमेकडच्या बऱ्याच राज्यांत निर्बंध आहेत, आणि धनुष्याच्या शिकारीच्या नोंदी ठेवणारा पोप अँड यंग क्लबही तिने केलेली शिकार नोंदवत नाही. शिवाय तिचा अंतर मोजणारा लेझर मधल्या फांदीवर आपटला तर तो फांदीचंच अंतर सांगणार.

पिनांची जाडी हा लोकांनी उगाच मोठा केलेला प्रश्न आहे. बारीक ०.०१९ इंचाची पिन ४० यार्डांवर एक इंचाहून थोडी कमी जागा झाकते, जाड ०.०२९ ची दीड इंचाच्या आत. सव्वा फुटाच्या लक्ष्यावर हा फरक कोणाला जाणवणार? उलट स्प्रूसच्या दाट रानात, सूर्य बुडाल्यावरच्या कायदेशीर अर्ध्या तासात, जाड पिन दिसते आणि बारीक विझते. मी जाडच घेईन.

ज्याची चर्चा व्हायला हवी ती होत नाही: तिसऱ्या अक्षाची जुळणी. साइटवरचा पाण्याचा बुडबुडा सपाट जमिनीवर खरं बोलतो. पण साइटची चौकट धनुष्याशी काटकोनात नसेल तर उतारावर नेम खाली वळताच तोच बुडबुडा खोटं सांगतो आणि बाण डावी-उजवीकडे सरकतो. एल्कचं रान म्हणजे बहुतेक चढउतारच. तीस अंशांच्या उतारावर नजरेच्या रेषेत ४० यार्ड असले तरी बाणाच्या दृष्टीने ते ३५ च्या आतबाहेर असतात. ही चूक रेंजफाइंडर सुधारून देतो. डावी-उजवीकडची चूक मात्र कोणतीच पिन सुधारत नाही, एक असो की तीन. त्यामुळे दुकानात मी आधी पिना मोजत नाही, तिसऱ्या अक्षाचे स्क्रू आहेत का ते बघतो. नसतील तर ती साइट स्वस्त असली तरी मी परत ठेवतो.