आधी जागा लिहून ठेव

नाशिक

चि. सोनू हिस,


फोटो मिळाले. भिंग लावता येत नाही, म्हणून बोटांनी मोठे करकरून पाहिले. तिकडे इंग्लंडात, सफकच्या शेतात मेटल डिटेक्टर फिरवताना तुला चांदीची दोन नाणी मिळाली, याचा तुझ्याइतकाच आनंद मला झाला आहे. ‘मामा, यांचे किती येतील?’ असं तू विचारलंस. ते सांगतोच, पण त्याआधी रागावू दे. मोठं नाणं तू टूथपेस्टनं घासलंस ना? फोटोत कळतंय.

दिवाळीआधी देवाची उपकरणी चिंचेनं, रांगोळीनं लखलखीत करायची आपल्या घरची सवय तुझ्या हातात उतरली आहे. पण नाणं म्हणजे निरांजन नव्हे. शेकडो वर्षं मातीत राहून चांदीवर काळसर थर चढतो. तो खरवडताना अक्षरांच्या कडा आणि केसांच्या बारीक रेघाही जातात. जाणकार माणूस हातात घेताक्षणी ‘घासलेलं’ म्हणतो आणि भाव पाडतो. दुसऱ्या नाण्याला तसं करू नकोस. साध्या पाण्यात ठेव, सुटेल तेवढी माती सुटू दे, न चोळता टिपून घे. बस.

तुझं मोठं नाणं पहिल्या एलिझाबेथ राणीचं, सहा पेन्सचं, 1573 सालचं आहे. राणीच्या डोक्यामागे गुलाब दिसतो ना? आकारानं जवळजवळची नाणी देताघेताना गफलत होऊ नये म्हणून सहा आणि तीन पेन्सच्या नाण्यांवर गुलाब, दोन पेन्सच्या नाण्यावर नाही, अशी सोय होती. मुद्रालेखाच्या सुरुवातीला ओकच्या फळाची इवली खूण आहे. नाणं कोणत्या काळात पाडलं हे तिच्यावरून कळे, आणि पुढे कस तपासला की टाकसाळीला त्याचा जाब विचारता येई. तेव्हा आपल्याकडे अहमदनगरला मुर्तजा निजामशहा गादीवर होता आणि शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून 57 वर्षं होती. नाण्याचं वजन 3 ग्रॅमच्या आसपास, कस शेकडा 92 च्या जवळ. मोडीत घातलं तर हाती पावणेतीन ग्रॅम चांदी. संग्राहक त्याहून पुष्कळ जास्त देतो, पण ही सहा पेन्सची नाणी त्या काळी अमाप पाडली गेली. म्हणून भाव ठरतो तो चेहरा किती उठून दिसतो, कड कातरलेली आहे का आणि घासलं आहे का यावर.

लहान नाण्यावर माझा जीव जडला आहे. ‘तुटका तुकडा, टाकून देऊ का?’ असं तू लिहिलंस! सोनू, ते तुटलेलं नाही. मुद्दाम कापलेलं आहे. तिसऱ्या हेन्रीच्या काळात, 1247 पासून, पेनीच्या मागच्या बाजूचा क्रूस कडेपर्यंत लांबवला, म्हणजे कोणी कड कातरून चांदी चोरली तर लगेच दिसावं. त्याच क्रूसाच्या रेषेवर पेनीचे दोन किंवा चार तुकडे करून सुट्टे म्हणून वापरत. आपल्या अधेली-पावलीसारखेच, फक्त कात्रीनं केलेले. कोणीतरी त्या शेतातून जाताना अर्धी पेनी हरवली आणि बहुधा बराच वेळ शोधली असेल. डिटेक्टरच्या चकतीतून निघणारं चुंबकीय क्षेत्र धातूत वीज खेळवतं. चांदीतून वीज सर्वांत सहज वाहते, म्हणून तिचा आवाज खणखणीत येतो. पण एवढ्या पातळ तुकड्याचा आवाज क्षीणच. तो तुला ऐकू आला, म्हणजे तू सावकाश चालतेस. तशीच चालत जा.

तुझ्याच सफकमध्ये हॉक्सन गाव आहे. नोव्हेंबर 1992 मध्ये तिथे एरिक लॉज हा माणूस एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा डिटेक्टरनं शोधत होता. लागली रोमन नाणी. थोडी काढल्यावर तो थांबला आणि त्यानं कळवलं. पुरातत्त्वाच्या लोकांनी उरलेली ठेव मातीच्या थरांसकट उकलली. सुमारे 15 हजार नाणी, त्यातली बहुतेक चांदीची, दागिने, चमचे, आणि हे सगळं लाकडी पेटीत कसं रचलं होतं तेसुद्धा कळलं. पुढे तो हातोडाही सापडला आणि तोही ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. लॉज थांबला, हे मला त्या सगळ्या सोन्याचांदीहून मोठं वाटतं.

आमच्या नाशिकजवळ, गोदावरीकाठी जोगळटेंभीला 1906 साली 13 हजारांवर चांदीची नाणी एकत्र मिळाली. सगळी क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या 9 हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा छाप पुन्हा मारलेला. गौतमीपुत्रानं नहपानाच्या क्षहरात घराण्याचं राज्य बुडवलं हे नाशिकच्या लेण्यातला शिलालेख सांगतो, पण नहपानाचाच पैसा त्यानं आपल्या नावानं चालवला, हे या ठेव्यानं हातात ठेवलं. ती नाणी पाच-पाच, दहा-दहा करून सराफांकडे गेली असती तर?

आपल्या घरात नेमकं तेच झालं. मी दहा वर्षांचा होतो. गावच्या वाड्याची मागची भिंत पाडताना रुपयांनी भरलेला तांब्या निघाला. आठवड्याच्या आत सगळं आटवलं. तुझ्या आईला लग्नात दिलेलं चांदीचं ताट त्याच रुपयांचं. इंग्रजी अमलातले, राणीच्या चेहऱ्याचे रुपये मला आठवतात, आणि चेहरा नसलेले, नुसती फारसी अक्षरं असलेलेही. पेशवाईतले अंकुशी, चांदवडी रुपये फारसी अक्षरांचे, बादशहाच्या नावाचेच असत, हे मला फार उशिरा कळलं. ते तेच होते का, कोणत्या टाकसाळीचे होते, तांब्या कोणी आणि कधी पुरला, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. त्या ताटात जेवताना आजही माझा घास अडतो.

तेव्हा माझं ऐक. इंग्लंडच्या कायद्यात तीनशे वर्षांहून जुनी, सोन्याची वा चांदीची दोन नाणी एकाच ठेव्यातली असली की तो खजिना ठरतो आणि चौदा दिवसांत कळवावं लागतं. तुझ्या दोन नाण्यांत तीनशेच्या आसपास वर्षांचं अंतर आहे, म्हणजे ती वेगवेगळ्या वेळी पडलेली. ती नोंदवायची सक्ती नसावी, तरी नोंदव. तिकडे प्रत्येक भागात अशा वस्तूंची नोंद घेणारा अधिकारी असतो आणि त्या नोंदी आता 15 लाखांच्या पुढे गेल्या आहेत. शेतमालकालाही दाखव, जमीन त्याची आहे.

आणि आईनं सुचवलं तसं दिवाळीत यंत्र घेऊन वाड्याच्या जागेवर फिरायचं मनात आणू नकोस. इथे 1878 चा कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीची ठेव सापडली तरी कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. नुसती ये. माझी नाणी पाहू.

अर्धी पेनी शेताच्या कोणत्या कोपऱ्यात, किती खोल मिळाली ते तुला अजून आठवत असेल. पत्र खाली ठेव आणि ते आत्ताच लिहून काढ.

तुझा,
मामा