मॅचच्या दिवशी नेरूळमध्ये राहणाऱ्यांचं काय?

नेरूळकरांनो, जरा वेळ काढून वाचा.

आपल्याकडचं स्टेडियम २००८ पासून आहे. आयपीएलची पहिली फायनल इथेच झाली, २०१७ आणि २०२२ मध्ये फिफाचे १७ वर्षांखालचे वर्ल्ड कपही इथे खेळले गेले. तेव्हा "यांना गर्दीची सवय नाही" असं कुणी म्हणू नये. सवय आहे. म्हणूनच बोलतोय.

३० ऑक्टोबर २०२५, महिला वर्ल्ड कपची सेमीफायनल, भारत-ऑस्ट्रेलिया. वार गुरुवार, मॅच दुपारी तीनला. म्हणजे शाळा सुटायच्या वेळेला गर्दी सुरू आणि ऑफिसं सुटतात तेव्हा ती ऐन भरात. आमच्या बिल्डिंगमधल्या काकांचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार असतं, चारची वेळ. त्या दिवशी रिक्षावाला आत यायला तयार नाही, कॅब बुक होते आणि कॅन्सल होते. शेवटी सूनबाईंनी काकांना हाताला धरून मेन रोडपर्यंत चालवत नेलं. मध्ये दोनदा फुटपाथवर बसवावं लागलं. पोचायला तासभर उशीर. मशीनवर पुढचा पेशंट ठरलेला असतो, त्यामुळे तेवढा वेळ काकांच्या डायलिसिसमधून कमी झाला.

बॅरिकेडवरच्या हवालदाराला मी दोष देणार नाही. तो बिचारा सकाळपासून उभा होता. त्याला सांगितलेलं एवढंच, पास असेल तर सोडा. पास कुणाला? पाहुण्यांना. इथे राहणाऱ्यांना पास द्यायचा असतो हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

बाकीचं तुम्हाला पाठ आहे. गेटसमोर आडव्या लावलेल्या गाड्या, कंपाउंडच्या भिंतीचं झालेलं मुतारीघर, कामाला येणाऱ्या मावशींचा बुडालेला दिवस. फायनलला तर पावसाने मॅच दोन तास उशिरा सुरू झाली आणि मध्यरात्रीपर्यंत चालली. मग शेवटच्या लोकलसाठी पोरं जीव तोडून धावत होती.

"वर्ल्ड कप दारात आला आणि तुम्ही रडताय?" असं एकाने मला ग्रुपवर विचारलं. अहो, हरमनप्रीतने शेवटचा कॅच घेतला तेव्हा आमच्या गॅलरीत मीच सगळ्यात जोरात ओरडत होतो. आमची मुलगी तेव्हापासून रोज बॅट घेऊन खाली जाते. मॅच होऊ दे, दहा होऊ दे. पण रस्ता बंद होणार हे आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डवरून का कळावं? सामन्याची तारीख तर कित्येक आठवडे आधी ठरलेली असते.

मागणं फार नाही. आठवडाभर आधी प्रत्येक सोसायटीच्या बोर्डावर नोटीस. लाइट बिल दाखवून रहिवाशाचा पास. पेशंटसाठी एक रस्ता मोकळा, आणि त्या दिवशी खरोखर उचलला जाईल असा एक फोन नंबर. पार्किंगची सोय लांब करून तिथून बसेस सोडल्या तर गेटसमोरचा ताप आपोआप कमी होईल.

या चार गोष्टींचं निवेदन तयार आहे. आमच्या बाजूच्या अकरा सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी सह्या केल्यात. तुमची राहिली असेल तर सेक्टर नंबर मेसेज करा, रविवारी सकाळी मी स्वतः येऊन सही घेऊन जातो.