खातेफोड

लातूरचे नाव एकेकाळी दक्षिणेतले सर्वांत बलाढ्य राजे मिरवत होते. राष्ट्रकूट अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. तरी नवव्या शतकातल्या शिलालेखांत त्याचे बिरुद येते ते 'लट्टलूरपुरवराधीश्वर'. हे लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच राजाच्या हयातीत, ८६९ साली, ग्वाटेमालाच्या घनदाट अरण्यात टिकाल या माया नगरात तारीख कोरलेला शेवटचा स्तंभ उभा राहिला. पुढे तिथल्या दगडांवर तारखा नाहीत. अवर्षण, शेजाऱ्यांशी लढाया, खाणारी तोंडे वाढत गेलेली. माणसे निघून गेली आणि झाडे मंदिरांच्या माथ्यावर चढली. मान्यखेटही फार टिकले नाही. ९७२ साली माळव्याच्या सीयक परमाराने ते लुटले, वर्षभरात तैलप चालुक्याने गादी घेतली.

माया लोक 'लुप्त' झाले, असे आपण ऐकत आलो. हे लुप्त लोक लाखोंच्या संख्येने ग्वाटेमालात आणि मेक्सिकोत आजही मका पेरतात, तीसेक माया भाषा बोलतात. डोंगराळ भागातल्या किचे गावांत २६० दिवसांचे पंचांग मोजणारे जाणते अजून आहेत. त्यांचे शेवटचे स्वतंत्र राज्य स्पॅनिशांनी बुडवले १६९७ साली. इकडे तेव्हा जिंजीला मोगलांचा वेढा चालू होता. म्हणजे फार जुनी गोष्ट नव्हे. पण वाडे पडले की माणसेही संपली असे धरून चालायचे, ही आपली जुनीच खोड.

चालुक्यांचे तसेच. त्यांची कल्याणी, आजचे बसवकल्याण, लातूर जिल्ह्यातल्या देवणीहून कर्नाटकाच्या सीमेपलीकडे. तिथल्या सहाव्या विक्रमादित्याने १०७६ साली राज्यावर येताच शक बाजूला सारून स्वतःच्या नावाचा संवत सुरू केला. घराणे बाराव्या शतकाअखेर मोडले, पाठोपाठ संवतही विरला. पण त्याच्याच दरबारी विज्ञानेश्वर नावाचा पंडित याज्ञवल्क्य स्मृतीवर टीका लिहीत होता, 'मिताक्षरा'. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क बाप मेल्यावर नव्हे, जन्मताच लागतो, हे त्याचे म्हणणे. १८१० साली कोलब्रुकने त्यातल्या वारसाच्या भागाचे इंग्रजी भाषांतर केले, इंग्रजांच्या कोर्टांनी ते उचलले, आणि बंगाल-आसामकडचा भाग सोडला तर बहुतेक हिंदू कुटुंबांच्या वाटण्या त्यावरच होऊ लागल्या. राजाला हवे होते ते अमरत्व असे पंडिताला मिळाले. तेही दिवाणी दाव्यांत!

देवणीच्या तहसिलाच्या पायरीवर तुम्हाला ते भेटेल. दोघे भाऊ, मध्ये सातबारा, त्याच्या पाठीवर पेन्सिलीने काढलेले रान: इथे बांध, इथे विहीर, इथे आंबा. काळ्या रानाचा तुकडा कुणाला आणि मुरमाड कुणाला, यावर सकाळ जाते. धाकटा समजुतीने म्हणतो, "आण्णा, हिरीचं पाणी पाळीपाळीनं घिऊ. पण खातेफोडीला अक्काची सही लागतीच."

अक्काची सही विज्ञानेश्वराच्या हिशेबात नव्हती. त्याने जन्मसिद्ध हक्क दिला तो मुलग्यांना. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलींना त्या रांगेत आणले. मला यात ग्रंथाचा पराभव दिसत नाही. नऊशे वर्षांच्या पुस्तकाशी आजही कायद्याला भांडावे लागते, हीच त्याची हयात.

१९५६ च्या भाषावार रचनेत जुना बिदर जिल्हा फुटला. उदगीर-निलंगा इकडे आले, भालकी आणि कल्याण तिकडे राहिले. सोयरिकी मात्र रेषेने तुटल्या नाहीत, रानेही नाहीत. ज्यांची जमीन दोन्हीकडे आहे ते इकडे सातबारा काढतात, तिकडे पहाणी. कचेऱ्या वेगळ्या, लिपी वेगळी. हिस्से मात्र दोन्हीकडे तेच पडतात, आणि अक्काला दोन्हीकडे सहीला जावे लागते.