वहिनींची शेळी आणि आमची वर्गणी

२०२४ च्या ऑक्टोबर महिन्यातली गोष्ट. अशोक विजयादशमी तोंडावर आली होती आणि आमच्या गावच्या बुद्धविहाराच्या पत्र्यांची पावसाळ्याने पार चाळणी केली होती. वंदनेला बसले की बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी पाणी ठिबकायचे. नोकरीमुळे आम्ही तालुक्याच्या ठिकाणी राहतो, पण विहार समितीचा हिशेब आमच्याकडेच आहे. त्याच सुमारास वस्तीतल्या बायकांच्या खात्यात 'माझी लाडकी बहीण' योजनेचे ऑक्टोबर व नोव्हेंबरचे हप्ते एकदम, म्हणजे ३००० रुपये, जमा झाले. समितीच्या बैठकीत आम्हीच ठराव मांडला, की ज्या भगिनींना पैसे आले त्यांनी एक हप्ता, १५०० रुपये, विहाराला द्यावा. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. त्या बैठकीला एकही बाई हजर नव्हती, हे तेव्हा आमच्या ध्यानातही आले नाही.

दुसऱ्या दिवशी पावतीपुस्तक घेऊन आम्ही घरोघर निघालो. पहिल्या चार घरी पैसे मिळाले. पाचवे घर आमच्या चुलतभावाचे. दादांना पाठीच्या दुखण्याने दोन वर्षे कामावर जाता येत नाही. वहिनी दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जातात. जयभीम झाला, पाणी झाले आणि आम्ही पावती फाडायला घेतली, तशा वहिनी म्हणाल्या,

"भाऊजी, विहार माझा बी हाय. पर ह्यो हप्ता दिला तर माझी शेळी येत न्हाई. शेळी येऊ द्या, मग विहाराचं बी बघते."

आम्हाला राग आला. आम्ही बोलून गेलो, "वहिनी, ज्यांच्यामुळे हे दिवस दिसले त्यांच्या विहारासाठी तुमचा हात आखडतो?"

वहिनींनी वाद घातला नाही. त्यांनी डब्यातून नातीची शाळेची वही काढली आणि आमच्या हातात दिली. सातवीतल्या मुलीच्या अक्षरात हिशेब लिहिलेला होता. ऑगस्टमध्ये पहिले ३००० आले. त्यातून किराणा दुकानाची १२०० रुपयांची उधारी फिटली, ३०० रुपये दादांच्या औषधाला गेले, १५०० उरले. पुढे सप्टेंबरचे १५०० आणि आता हे ३०००. हातात एकूण ६०००. आठवडी बाजारात उस्मानाबादी जातीची पाठ ५५०० रुपयांना ठरली होती. उरलेले ५०० भरड्याला.

आम्ही बी.कॉम. झालो, वीस वर्षे कचेरीत जमाखर्च लिहितो. त्या वहीत आम्हाला एका पैशाची चूक सापडली नाही. चूक होती ती आमच्या पावतीपुस्तकात. आम्ही वही परत केली आणि पुढच्या घरी न जाता एस.टी. पकडली.

बंधू-भगिनींनो, त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या आम्ही स्वतःला एक प्रश्न विचारला. गरिबाच्या हाती रोकड दिली की ती गुत्त्यावर जाते, असे आम्ही स्वतः किती सभांमधून बोललो असू? वस्तू द्या, धान्य द्या, म्हैस द्या, पण पैसा देऊ नका, असे सांगणाऱ्यांत आम्हीही होतो. म्हणजे आपल्याच माणसांवर आमचा भरवसा नव्हता.

खरे तर हा प्रश्न नुसत्या मतांवर सोडण्याचे कारण नाही. मध्य प्रदेशात २०११ ते २०१२ या काळात 'सेवा' या महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने त्याची परीक्षाच घेतली. आठ गावांतल्या प्रत्येक प्रौढाला महिन्याला २०० रुपये आणि प्रत्येक मुलामागे १०० रुपये कोणतीही अट न घालता देण्यात आले. वर्षभराने ती रक्कम ३०० आणि १५० केली. एका आदिवासी गावातही असेच पैसे दिले. त्या पैशाने दारू वाढली नाही. लोकांनी बी-बियाणे घेतले, शेळ्या-कोंबड्या घेतल्या, शिलाई मशिनी घेतल्या, सावकाराचे कर्ज कमी केले. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जाणारी माणसे आपल्या स्वतःच्या कामाकडे वळली. पैसे मिळाले म्हणून माणूस आळशी झाला नाही, उलट आपल्या कामाला लागला.

असे का होते, ते आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारले तरी कळेल. आपल्या आजोबा-पणजोबांना कामाचा मोबदला रोख मिळत नव्हता. बलुते मिळायचे, तेही खळ्यावर हात पसरून मागावे लागायचे. देणाऱ्याच्या मनात आले तर सूपभर, नाही तर पसाभर. बलुत्यातून पोट भरले असेल, पण पुढच्या वर्षासाठी चार पैसे बाजूला कधी पडले नाहीत. म्हणून तर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडले. गुलामाचा मोबदला दुसरा ठरवतो आणि स्वतंत्र माणूस आपल्या पैशाचे काय करायचे ते स्वतः ठरवतो, एवढाच फरक आहे. वहिनींनी ते ठरवले होते. त्यांच्या दारात पावतीपुस्तक घेऊन उभे राहिलो तेव्हा आम्ही कोणाच्या बाजूला उभे होतो?

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला उपदेश केला आहे. मिळकतीचे चार वाटे करावेत. एक वाटा उपभोगाला, दोन वाटे कामधंद्याला आणि चौथा अडचणीच्या काळासाठी. निम्मी मिळकत धंद्यात घालावी, असा त्याचा अर्थ. वहिनींनी तर निम्म्याहून अधिक घातली. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपूरच्या भाषणात प्रत्येकाने मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा, असे सांगितले. १५०० चा विसावा हिस्सा ७५ रुपये होतो. आम्ही १५०० मागितले होते.

पुढच्या बैठकीला आम्ही बायकांना बोलावले आणि आमचाच ठराव मागे घेण्याची सूचना मांडली. सहजासहजी ते झाले नाही. समितीतले दोघे अजून आमच्याशी मोकळेपणाने बोलत नाहीत. पण अखेर ज्यांनी हप्ते दिले होते त्यांचे पैसे परत करायचे आणि पत्र्यांचा खर्च नोकरदारांनी पगारातून उचलायचा, असे ठरले. पहिली पावती आम्ही आमच्याच नावाने फाडली. पत्रे चढवायला वस्तीतली पोरे आली.

इकडे बायकांनी त्या बैठकीतून आणखी एक गोष्ट काढली. महिन्याला १५०० आले की ते मीठ-मिरचीत कधी जातात कळत नाही, अशी सगळ्यांची तक्रार होती. तेव्हा दहा जणींनी १००० रुपयांची भिशी सुरू केली. दर महिन्याला एकीच्या हातात १०,००० रुपये एकरकमी पडू लागले. एकीने शिलाई मशीन घेतली, एकीने बाजारात भाजी बसवली, एकीने सावकाराकडून दागिना सोडवला. आफ्रिकेतल्या केनिया देशात खेड्यांमध्ये असाच प्रयोग चालला आहे. काहींना एकरकमी, काहींना दोन वर्षे दरमहा आणि काहींना बारा वर्षे दरमहा पैसे द्यायचे, असा तो प्रयोग. मुंबईत जन्मलेले नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी हे त्याचा अभ्यास करणाऱ्यांपैकी एक. एकरकमी पैसे मिळालेल्यांनी दोन वर्षांच्या हप्तेवाल्यांपेक्षा अधिक धंदे उभारले, असे त्यांना दिसले. आणि ज्यांना दीर्घकाळ हप्ते मिळण्याची खात्री होती, त्यांनी काय केले? आपल्यासारखीच भिशी लावून हप्त्यांची एकरकम केली! ही अक्कल आमच्या वस्तीतल्या बायकांना कोणी शिकवली नव्हती.

तरीही एका गोष्टीत फसगत होऊ देता कामा नये. हप्ता हा हक्काचा पर्याय नाही. २०१९ पासूनच्या प्रधानमंत्री किसान सन्मान योजनेत वर्षाला ६००० रुपये मिळतात, पण ज्याच्या नावावर जमीन आहे त्यालाच. त्याच शेतात दिवसभर वाकून खुरपणाऱ्या वहिनींना त्यातला रुपयाही नाही, कारण त्यांच्या नावावर सातबारा नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याचसाठी. त्यांच्या नावाने राज्यात सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची ती योजना. हप्ता आला म्हणून जमिनीची मागणी गप्प बसू नये. हप्ता देणारे सरकार उद्या तो बंदही करू शकते, अटीही वाढवू शकते. सातबाऱ्यावरचे नाव असे पुसता येत नाही.

आणि भगिनींनो, हप्ता येतो तोवर तो आपल्याच हातात राहील याची काळजी घ्या. पासबुक आपल्याजवळ ठेवा. खाते आधारशी जोडलेले आहे ना, नावाचे स्पेलिंग दोन्हीकडे एकच आहे ना, हे पाहून घ्या. ई-केवायसी राहिली असेल तर वस्तीतल्या शिकलेल्या पोराला पुढे घाला. आमच्या ओळखीच्या एका बाईचा पहिला हप्ता बँकेने जुन्या आकारापोटी कापून घेतला होता. तिच्यासोबत आम्ही दोनदा खेटे घातले, लेखी अर्ज दिला, तेव्हा पैसे परत जमा झाले. तोंडी तक्रारीला किंमत नसते, अर्जाची पोच मात्र जपून ठेवावी.

वहिनींची शेळी २०२५ च्या उन्हाळ्यात व्याली. एक पाठ, एक बोकड. वर्षअखेरीस बोकड ७००० रुपयांना गेला. त्या रविवारी आम्ही विहारात हिशेब लिहीत बसलो होतो, तेव्हा वहिनी आल्या आणि घडी केलेल्या नोटा समोर ठेवल्या. आम्ही मोजल्या. ३५० रुपये.

"विसावा हिस्सा काढला, भाऊजी. नातीनं भागाकार केला. बरोबर हाय का बघा."

आम्ही बघितले. बरोबर होता. पावती फाडताना आमच्या अक्षराला थोडा कंप आला, एवढे मात्र खरे.

जयभीम.