उबेचा हिशेब

ऊब वाढली की अळी भराभर वाढते, हा समज अर्धाच खरा आहे. ऊब अळीचे दिवस कमी करते. तिचं अंग भरून देण्याची हमी मात्र देत नाही. तुतीवरची रेशीमअळी पाहावी. चार वेळा कात टाकून, पंचवीस-सव्वीस दिवसांत जन्मवजनाच्या सुमारे दहा हजार पट होऊन ती कोष विणू लागते. चॉकीतल्या, म्हणजे पहिल्या दोन अवस्थांतल्या, इवल्या अळ्यांना २६ ते २८ अंश सेल्सिअस मानवतं, पाचव्या अवस्थेतल्या अळीला २३ ते २५. ज्या दिवसांत ती जन्मभराच्या पाल्यातला ऐंशी टक्क्यांहून अधिक पाला फस्त करते आणि तिच्या रेशीमग्रंथी भरून येतात, नेमका त्याच दिवसांत तिला गारवा हवा असतो. तेव्हा शेड ३५ अंशांवर तापलं, तर तिचं खाणं मंदावतं आणि कोष हलका भरतो.

यावर कीटकशास्त्रातलं अंश-दिवसांचं गणित पुढे केलं जाईल: ठरावीक मर्यादेवरचे रोजचे अंश बेरजेत धरत जावेत, बेरीज पुरी झाली की अवस्था पुरी. गणित उपयोगाचं आहे. किडीचे पतंग शेतात केव्हा निघतील याचा अंदाज त्यावर बांधता येतो. पण ते दिवस मोजतं, वजन नाही. आणि फार उष्म्यात दिवसांच्या बाबतीतही चुकतं. अमेरिकेत तंबाखूवर वाढणाऱ्या शिंगधारी अळीच्या अभ्यासातून कारण उलगडलं. ठरावीक वजन गाठल्यावरही ही अळी खाणं लगेच सोडत नाही. संप्रेरकांचा पालट पुरा होईपर्यंत चरत राहते. उष्णतेत ही मुदत इतकी आखडते की वाढीचा वाढलेला वेगही तूट भरून काढत नाही. अळी लवकर, पण लहान अंगाने कोषावस्थेत जाते.

लवकर आटोपलं तर वर्षाला एखादी बॅच जादा निघेल, हा आक्षेप पोटापाण्याचा आहे, त्याला उत्तर द्यायलाच हवं. तुतीचा पाला अळीच्या घाईने फुटत नाही, आणि जालन्याच्या कोष बाजारात भाव प्रतीवर ठरतो. उन्हाळ्यात शेडला ओली पोती बांधणारा मराठवाड्यातला शेतकरी दिवस गमावत नाही, रेशीम राखतो.

उबेला नुसतं इंधन समजणं मला म्हणूनच पटत नाही. रेशीमअळीच्या दुबार, म्हणजे वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या, वाणाची अंडी २५ अंशांत, उजेडात उबवली, तर त्यांतून निघालेल्या माद्या पुढे सुप्त राहणारी अंडी घालतात. १५ अंशांत, अंधारात उबवली, तर त्या माद्यांची अंडी न थांबता फुटतात. अळी जन्मण्याआधीची ऊब तिच्या पुढच्या पिढीचं वेळापत्रक ठरवते, इथवर तिचा हात पोचतो.